तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

आर्डिस हाउगनने म्हातारपणाची तयारी इतकी चोख केली होती की तसली तयारी लोक लेकीच्या लग्नाचीही करत नाहीत. साठी उलटली तसं तिने शिडीवर चढणं सोडलं. पुढे पायाखाली सरकणारे गालिचे गुंडाळून चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकले. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्या, आणि त्याही कुणी पडायच्या आधी, ज्याचं नॉर्डबी गावात सगळ्यांना फार नवल वाटलं. घरातल्या झाडून साऱ्या वस्तूंच्या बुडाखाली तिने चिकटपट्टीवर नावं लिहून ठेवली होती, म्हणजे आपल्यामागे खुर्च्या-टेबलांवरून भांडणं नकोत. एका नाताळला नातीने आवडती झुलती खुर्ची उलटी करून पाहिली, खाली भावाचं नाव निघालं, आणि त्या दिवशी जेवण होईपर्यंत ती आजीशी अवाक्षर बोलली नाही. स्वतःच्या अंत्यविधीला कोणती गाणी म्हणायची ते आर्डिसने ठरवलं होतं. कुणी म्हणायची तेही ठरवलं होतं, आणि कुणी अजिबात म्हणायची नाहीत ते तर पाद्रीबाबांना दोन वेळा बजावून सांगितलं होतं.

आता राहता राहिला प्रश्न हातपाय थकल्यावर राहायचं कुठे याचा. तोही तिच्या मनाने सुटलेला होता. गावाच्या टोकाला सोलबाकन नावाचा वृद्धनिवास आहे. चर्चच्याच लोकांनी उभा केलेला. आर्डिस तिथे दर गुरुवारी ‘म्हाताऱ्यांना’ कॉफी द्यायला जायची. हे म्हातारे तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठे. कॉफी देता देता तिने सगळी इमारत डोळ्यांखालून घातली होती आणि नव्या भागातली कोपऱ्यातली खोली मनाशी पक्की केली होती. दार रुंद, न्हाणीला उंबरा नाही, पायरी म्हणाल तर औषधालाही नाही. आणि खिडकी थेट मोठ्या रस्त्यावर. बँकेत कोण शिरलं, कुणाची गाडी कुणाच्या दारात किती वेळ उभी आहे, धान्याच्या कोठारापाशी कोण कुणाशी बोलतंय, सगळं बसल्या जागी. अशी खिडकी असल्यावर टीव्ही कशाला हवा? तिने आधीच्या व्यवस्थापकाकडे नाव देऊन ठेवलं होतं. आणि या मे महिन्यात मनाशी ठरवून टाकलं होतं की येता हिवाळा या घरात काढायचा नाही. हाच हिवाळा का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मनात तो विषय निघालाच तर ती उठून ओटा पुसायला लागायची.

नॉर्डबीत कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं असतं. मग समोरचा पुन्हा विचारतो. तेव्हाही नकोच म्हणायचं, पण जरा ओशाळून. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर’ असं म्हणायचं आणि मग काय हवं ते पोटभर घ्यायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लेकरं पाळण्यातून शिकून येतात. पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हणून कॉफी घेणारी एक सून या गावात आली होती. तिला जाऊन वीस वर्षं झाली, पण अजून तिचा विषय निघाला की बायका तेवढंच सांगतात. बिचारीने तीन मुलं वाढवली, शाळेत शिकवलं, त्याचं कुणाला काही नाही.

तर ऑगस्टमध्ये एका सकाळी फोन वाजला. सोलबाकनची नवी व्यवस्थापक तेरेसा बोलत होती. ही बाई वसंतात न्यू जर्सीहून आली होती. मनाने लोणी, आवाजाने कर्णा. भेटेल त्याला मिठी मारायची. नॉर्डबीतले लोक मिठीत काठीसारखे ताठ उभे राहायचे आणि ‘बाहेरची आहे, चालायचंच’ म्हणून तिला मनातल्या मनात माफ करून टाकायचे.

“मिसेस हाउगन, आनंदाची बातमी आहे!” तेरेसा म्हणाली. “तुम्ही मागितलेली कोपऱ्यातली खोली तयार झालीय. येताय ना मग?”

आर्डिसच्या काळजाने अशी उडी मारली की ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलीच. आणि एकोणऐंशी वर्षं वळण लागलेली तिची जीभ आपलं काम करून मोकळी झाली. “छे, छे, माझं कशाला? माझं अगदी छान चाललंय. कुणा गरजूला द्या ती खोली.”

“असं होय?” तेरेसा म्हणाली. “बरं, ठीक आहे. काळजी घ्या हं!”

आणि फोन ठेवून दिला.

आर्डिस तशीच रिसीव्हर कानाला लावून बसली. बाई पाणी प्यायला गेली असेल. परत येऊन म्हणेल, अहो, असं काय करता! पण आतून नुसतं कूं कूं ऐकू येत राहिलं. शेवटी तिने फोन ठेवला आणि स्वतःची समजूत घातली. शिस्तीची दिसते. एका दिवसात तीनदा विचारणं बरं दिसत नाही म्हणून थांबली असेल.

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. टोमॅटो वेलींवर पिकून फुटले तरी ही आपली फोनपाशी बसलेली. गुरुवारी कॉफी द्यायलाही गेली नाही. तिथे जाऊन तोंड दाखवायचं म्हणजे मागायला आल्यासारखंच की! त्या आठवड्यात फोन एकदाच वाजला. ती धावत गेली तर खिडक्या विकणारा कुणीतरी होता. तिने नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा नको म्हणाली. त्याने आणखी तीनदा विचारलं. याला म्हणतात घरचं वळण, आर्डिस मनाशी म्हणाली, आणि तिला त्या अनोळखी माणसाबद्दल इतका आदर वाटला की तिने जवळजवळ एक खिडकी घेतली होती.

मग तिला समोरच्या घरातले पडदे दिसले.

समोर लव्हॉन राहायची. दोघी एका वर्गात, एका चर्चमध्ये, एकाच वर्षी लग्न होऊन समोरासमोर आलेल्या, आणि आता दोघीही एकट्या. लव्हॉनच्या गुडघ्यांनी संप केलेला होता. तिचंही नाव सोलबाकनमध्ये होतं, हे आर्डिसला ठाऊक होतं. लव्हॉनने पडदे धुऊन दोरीवर घातले होते. दाराशी रिकामी खोकी रचून ठेवली होती. आर्डिसने लगेच ताडलं. हिलाच मिळाली. हिला तीनदा विचारलं असणार!

नॉर्डबीत माणूस रागावला की शिव्या देत नाही, हॉटडिश करून नेतो. आर्डिसने खिमा, शेवया आणि मशरूमचं घट्ट सूप एकत्र करून वर बटाट्याचा खमंग थर दिला, ओव्हनमध्ये भाजलं आणि ते गरम भांडं फडक्यात गुंडाळून रस्ता ओलांडला.

“अगं, ये ये!” लव्हॉन दारात आली. “हे कशाला केलंस?”

“उरलं होतं,” आर्डिस म्हणाली. सबंध भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

“कॉफी घेतेस?”

“नको गं, आत्ताच झाली.”

“घे की. गरमच आहे.”

“तुला कशाला त्रास?”

“त्रास कसला? केलेलीच आहे.”

“बरं, अर्धा कप दे मग.”

लव्हॉनने कप गच्च भरला. इथवर सगळं रीतीला धरून झालं. मग दोघी कपात बघत बसल्या.

“पडदे धुतलेस वाटतं,” आर्डिस म्हणाली.

“हो. मळले होते.”

“खोकी दिसतायत दाराशी.”

“हो, खोकी आहेत,” लव्हॉन म्हणाली. मग तीही हळूच म्हणाली, “तू हल्ली बागेत दिसत नाहीस. आवराआवर चाललीय का?”

“नाही गं. ऊन फार आहे.”

“हो ना. ऊन आहे खरं.”

बाहेर ढग भरून आले होते. दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपापली कॉफी संपवली. आर्डिस घरी आली, भांडी घासायला उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. खोली गेली याचं दुःख होतंच, पण आपल्या लव्हॉनने आपल्याला सांगूही नये, हे तिला जास्त लागलं. सगळा जन्म समोरासमोर काढला, एकमेकींचे नवरे पोचवले, आणि आता ही खोकी भरून गुपचूप निघाली!

रात्री न राहवून तिने मुलाला फोन केला. कर्टिस मिनियापोलिसला राहायचा. त्याने पूर्वी तिला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं, तेही चार वेळा, आणि चारही वेळा तिने नको म्हटलं होतं. चौथ्यांदा म्हटलेलं नको म्हणजे खरंखुरं नको, हे त्याला कळलं होतं, एवढं वळण त्याच्यात अजून शिल्लक होतं.

“आई, तुला ती खोली हवीय ना?” सगळं ऐकून तो म्हणाला. “मग फोन कर आणि सांग.”

“मी? मी फोन करू? दारोदार हात पसरत फिरू का आता?”

“अगं, पैसे देऊन राहायचंय तिथे! हात पसरायचा काय संबंध? बरं, मी करू फोन?”

“नको,” आर्डिस म्हणाली आणि वाट पाहू लागली.

“बरं,” कर्टिस म्हणाला.

मोठ्या शहरात राहून पोरगा पार बिघडला, असं म्हणत तिने दिवा मालवला.

ऑक्टोबर उजाडला. झाडं उघडी पडली, पहाटे गवतावर पांढरी साय धरू लागली. आर्डिस रोज सकाळी तळघराच्या दाराकडे बघायची आणि ओटा पुसायला लागायची. हिवाळा दारात आला होता आणि तिची जागा ठरलेली नव्हती. सगळ्या तयारीवर पाणी पडलं होतं, तेही एका ‘छे, छे’पायी.

अशाच एका रविवारी प्रार्थना झाल्यावर नेहमीसारखे सगळे चर्चच्या तळमजल्यावर कॉफीला जमले. मधल्या टेबलावर खजुराच्या वड्यांचा ट्रे होता आणि त्यात शेवटची एक वडी उरली होती. शेवटची वडी कुणी उचलत नाही. एकाने येऊन तिचे दोन तुकडे केले आणि एक घेतला. दुसऱ्याने उरलेल्या अर्ध्याचा अर्धा केला. लव्हॉनने त्यातून नखाएवढा तुकडा कापला आणि आर्डिसकडे न बघता आपल्या जागेवर जाऊन बसली. दोघी दीड-दोन महिने अशाच गोड बोलून एकमेकींना टाळत होत्या.

तेवढ्यात तेरेसा खाली आली. आज तिने कुणाला मिठी मारली नाही. टेबलाशी उभी राहून ती म्हणाली, “मला तुम्हाला एक वाईट बातमी द्यायचीय. सोलबाकनचा नवा भाग बंद करायचं चाललंय. संचालक मंडळ ती जागा दातांच्या डॉक्टरला भाड्याने देणार आहे. मी खूप प्रयत्न केला हो. नाव दिलेल्या एकूण एक माणसाला फोन केला. कुणी म्हणालं माझं छान चाललंय, कुणी म्हणालं गरजूला द्या. एकालाही यायचं नाही. तुम्ही सगळे इतके धडधाकट आहात याचा मला आनंदच आहे. पण खोल्या रिकाम्या किती दिवस ठेवणार?”

नकार दिलेली सारी मंडळी तिथेच बसलेली होती. सगळ्यांनी माना खाली घालून आपापल्या कपात पाहिलं. आर्डिसने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉन तिच्याकडेच बघत होती, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. म्हणजे हिलाही मिळाली नव्हती! पडदे धुऊन, खोकी आणून हीसुद्धा फोनशेजारी बसून होती!

आता कुणीतरी बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे सगळ्या गावासमोर ‘मला हवं’ म्हणायचं. आपण होऊन. कुणी विचारलेलं नसताना. तेरेसा एक उसासा टाकून जायला वळली. इतक्या वर्षांत तिने या तळमजल्यावर हजारो कप कॉफी ओतली होती आणि स्वतःसाठी कधी साखरसुद्धा मागितली नव्हती. ती खुर्चीला धरून उभी राहिली.

“मला ती खोली हवीय,” ती म्हणाली.

कुणाच्या तरी हातातला चमचा खाली पडला.

“पण तुम्ही तर नाही म्हणालात, मिसेस हाउगन!”

“एकदाच म्हटलं होतं!”

तिने हे असं काही सुनावलं की जणू चूक तेरेसाचीच होती, आणि सगळ्या टेबलांवरून होकाराची कुजबुज उठली. “मलाही एकदाच विचारलं,” मागून एक म्हातारा पुटपुटला. “आम्हालाही,” आणखी कुणीतरी म्हणालं. तेरेसा गोंधळून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. “म्हणजे? विचारायचं तरी किती वेळा?” शेवटी पाद्रीबाबा घसा खाकरून हळूच म्हणाले, “तीनदा.”

“देवा रे!” तेरेसा मटकन खुर्चीत बसली. मग म्हणाली, “बरं, मिसेस हाउगन, आता मला एकदाच पण खरं सांगा. त्या खोल्या मदतीची गरज असलेल्यांसाठी आहेत. मंडळाला मला काय ते पटवून द्यावं लागेल. तुमचं छान चाललंय, असं तुम्ही म्हणाला होतात.”

“नाही चाललेलं,” आर्डिस म्हणाली. एकदा उभं राहिल्यावर बसणं तिला जमेना. “मे महिन्यात मी तळघराच्या पायऱ्यांवरून पडले. फ्रीझरमध्ये वड्या ठेवायला गेले होते. माझ्या अंत्यविधीला येणाऱ्या लोकांसाठीच्या. दर वर्षी नव्या करून ठेवते आणि जुन्या खाऊन टाकते.”

यावर कुणी हसलं नाही, कारण तिथल्या निम्म्या बायकांच्या फ्रीझरमध्ये तशाच वड्या होत्या.

“पाय असा मुडपला की उठताच येईना. त्या थंड फरशीवर पडून राहिले. फार भीती वाटली. वाटलं, याच वड्या लागतात की काय आता!”

“मे महिन्यात?” लव्हॉनचा आवाज आला. “मी घरी नव्हते का?”

“होतीस. तळघराची खिडकी उघडी होती, तुझ्याही खिडक्या उघड्या होत्या, सगळे आवाज येत होते.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“तुझ्याकडे पाहुणे होते. तुम्ही जेवायला बसला होतात.”

“मग नंतर?”

“नंतर पाहुणे गेले. तेव्हा मारणार होते, तर तू भांडी घासत होतीस. म्हटलं, होऊ दे हिचं आधी. मग मीच सरपटत सरपटत वर आले. संध्याकाळ झाली होती.”

लव्हॉन उठली. गुडघे धरून, टेबलाचा आधार घेत, पण उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“मी जेवत होते, आर्डिस!” ती ओरडली. “मेले नव्हते!”

त्या तळमजल्यावर एवढ्या मोठ्याने याआधी कुणी बोललं नव्हतं. लव्हॉनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. गावातली माणसं असल्या वेळी भिंतीकडे बघतात. सगळ्यांनी मुकाट्याने भिंतीकडे पाहिलं.

लव्हॉन तेरेसाकडे वळली. “बाई, लिहून घ्या. कोपऱ्यातली हिला आणि तिच्या शेजारची मला.”

“नक्की ना?” तेरेसा म्हणाली, आणि मग धडा शिकल्यासारखी घाईघाईने पुढे म्हणाली, “नक्की ना? नक्की?”

“नक्की म्हणजे नक्की. ही बया मेली तरी हाक मारायची नाही. शेजारी कुणीतरी कान लावून बसायलाच हवं.” तिने नाक पुसलं. “पण मधली भिंत कशी आहे ते आधी दाखवा. जाड असली तर पातळ करून द्या.”

आणि ती तिथून निघून आर्डिसच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.